ग्राफिक्स कार्ड : पैसे वसूल कशात?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आजचा विषय ऐकून घरातली वडीलधारी मंडळी रेडिओचा आवाज कमी करायला उठतील, अशी मला शंका आहे. मी आधी त्यांनाच थांबवणार आहे. कारण ग्राफिक्स कार्ड हवं असतं मुलांना आणि पैसे मोजायचे असतात आईवडिलांना. बारावीचा निकाल लागतो, संगणक घ्यायचं ठरतं, आणि "घ्यायचाच आहे तर गेम चालतील असा घेऊ" हे वाक्य घरात येतं. तिथून पुढे खर्चाचा आकडा फुगायला लागतो. गेमसाठी ६०-७० हजारांचा संगणक जुळवला, तर त्यातले ३० हजारांच्या आसपास एकट्या ग्राफिक्स कार्डाचे असतात. म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च एका वस्तूवर, आणि ती वस्तू नेमकं काय करते हे पैसे देणाऱ्याला माहीत नसतं, मागणाऱ्यालाही अर्धवटच माहीत असतं. फसगत होते ती याच फटीतून.

गेली काही वर्षं मी ओळखीच्या लोकांना संगणक जुळवून देतो. त्या अनुभवावरून आज चार गोष्टी सांगणार आहे. कुठलं कार्ड सगळ्यात भारी, हा आजचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर सोपं आहे, सगळ्यात महाग ते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे कार्ड जानेवारी २०२५ मध्ये १,९९९ डॉलरला बाजारात आलं. ते एकटं ५७५ वॅटपर्यंत वीज खातं. ते आपल्या कामाचं नाही. आपला प्रश्न आहे तो मोजक्या पैशांत समाधान कशात मिळेल याचा.

आधी हे कार्ड करतं काय, ते पाहू. पडद्यावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. खेळ चालू असताना ही संपूर्ण रांगोळी पुसून पुन्हा काढायची असते, सेकंदाला ६० वेळा. म्हणजे सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा. स्वयंपाक तोच करणार, पण हजार पानांची पंगत एकट्या आचाऱ्याने वाढायची म्हटली तर शेवटच्या पानापर्यंत भात जाईस्तोवर पहिला माणूस हात धुऊन जाईल. तिथे वाढपी लागतात, आणि तेही भरपूर. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची फौज. साध्या प्रोसेसरात सहा-आठ गाभे असतात. आरटीएक्स ५०६० या मध्यम दर्जाच्या कार्डातल्या छोट्या गाभ्यांची संख्या ३,८४० आहे. एकेकटा फार हुशार नाही, पण सगळे एकाच वेळी कामाला लागतात.

घरगुती संगणकात हे वेगळं कार्ड रुळलं ते १९९६ च्या सुमारास, थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डापासून. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि त्याला जगातला पहिला 'जीपीयू' म्हणून मिरवलं. थ्रीडीएफएक्स पुढे बुडाली. एटीआय ही दुसरी मोठी कंपनी २००६ मध्ये एएमडीने विकत घेतली. २०२२ मध्ये इंटेल 'आर्क' नावाची कार्डं घेऊन या बाजारात उतरली. आज मुख्य चिप बनवणाऱ्या या तीनच कंपन्या : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. मग खोक्यावर असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर अशी नावं का दिसतात? या कंपन्या ती चिप घेऊन स्वतःचे पंखे, स्वतःचा सांगाडा आणि स्वतःची वॉरंटी लावून कार्ड विकतात. चिप तीच असते. त्यामुळे तीन पंखे आणि रंगीत दिवे लावलेलं कार्ड चार-पाच हजारांनी महाग असलं, तरी वेगातला फरक बहुधा दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. पैसे वाचवायची पहिली जागा ही. वाचलेल्या चार हजारांत वरच्या वर्गातलं साधं कार्ड येत असेल, तर दिव्यांचा मोह सोडावा.

आता निवड. बहुतेक लोक सुरुवात कार्डापासून करतात. सुरुवात करायला हवी पडद्यापासून. तुमचा मॉनिटर फुल एचडी असेल तर वर सांगितलेले २० लाख ठिपके. त्याच्या वरचा १४४०पी मॉनिटर असेल तर ३६ लाख ८६ हजार, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. आणि फोरके असेल तर बरोबर चौपट. काम चौपट, म्हणून कार्डही तितकंच दमदार हवं. घरात ६० हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर आहे, आणि मुलाने फोरकेला पुरेल असं कार्ड मागितलं, तर ते बैलगाडीला विमानाचं इंजिन लावण्यासारखं आहे. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो. कार्डाने १५० काढली तरी जादाची चित्रं डोळ्यांपर्यंत पूर्ण पोचत नाहीत. अशा वेळी कार्डातले थोडे पैसे काढून १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तर खेळणाऱ्याला फरक जास्त जाणवतो.

दुसरा प्रश्न, खेळायचं काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धेचे खेळ मुद्दाम हलके ठेवलेले असतात, कारण ते जास्तीत जास्त संगणकांवर चालावेत अशी बनवणाऱ्यांचीच इच्छा असते. पुण्यात तयार झालेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा २०२० चा सुंदर खेळ मध्यम कार्डावर नीट चालतो. याउलट सायबरपंक २०७७ सारखा खेळ पूर्ण थाटात चालवायचा तर चांगल्या कार्डालाही घाम फुटतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' तर आणखी पुढे गेला. प्रकाशकिरणांचा हिशोब करणारी, रे ट्रेसिंग नावाची सोय कार्डात नसेल तर तो सुरूच होत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मुलाला कागदावर पाच खेळांची नावं लिहायला सांगा. हा कागद नंतर फार उपयोगी पडतो. पाचही खेळ हलके असतील, तर एखादे वेळी वेगळं कार्ड लागणारच नाही. रायझन ७ ८७००जी सारख्या काही प्रोसेसरांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्सची सोय असते, आणि व्हॅलोरंटसारख्या खेळाला ती पुरते. तेवढ्यावर वर्ष-दोन वर्षं काढून पुढे कार्ड घालता येतं. हा मार्ग कुणी सुचवत नाही, कारण त्यात कुणाचीच विक्री होत नाही.

आता नावांचा घोळ. आरटीएक्स ४०६० या आकड्यात पहिले दोन अंक पिढी सांगतात आणि शेवटचे दोन वर्ग. ४० ही पिढी, ६० हा वर्ग. पन्नास म्हणजे तळाचा, साठ म्हणजे मध्यम, सत्तर-ऐंशी वरचे, नव्वद सर्वांत वरचा. पुढे 'टीआय' लागलं की थोडं वरचं. एएमडीच्या कार्डांत 'एक्सटी' हे शेपूट साधारण तेच काम करतं. त्यांनी २०२५ मध्ये आपली पद्धत बदलून आरएक्स ९०६० एक्सटी असं एनव्हिडियासारखंच नाव घेतलं. पिढीचा अंक मोठा म्हणजे कार्ड वेगवान, असं मात्र समजू नका. नवीन पिढीतला तळाचा वर्ग जुन्या पिढीतल्या वरच्या वर्गापेक्षा हळू असू शकतो. चौथीतल्या पहिल्या नंबराचं आणि पाचवीतल्या शेवटच्या नंबराचं गणित जसं, तसंच.

याहून मोठा धोका म्हणजे एकाच नावाची दोन वेगळी कार्डं. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये आलं तेव्हा त्याची मेमरी जीडीडीआर५ जातीची होती आणि ती सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवायची. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं, आणि हा वेग १७ जीबीच्याही खाली आला. जीटीएक्स १०६० चं ३ जीबीचं आणि ६ जीबीचं कार्ड यांत मेमरीच नव्हे, आतले गाभेही वेगळे होते. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड २०२१ चं. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाने ८ जीबीचं आलं, त्यात मेमरीचा रस्ताही अरुंद केलेला. १९२ बिटऐवजी १२८ बिट. आरटीएक्स ३०५० चंही तेच : ८ जीबीचं वेगळं, ६ जीबीचं वेगळं आणि हळू. तेव्हा बिलावर नुसतं नाव नको. मेमरी किती, कोणत्या जातीची, आणि मॉडेलचा पूर्ण क्रमांक काय, हे सगळं लिहून घ्या.

मेमरीवर थोडं थांबतो, कारण सध्या निवडीतला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. कार्डावरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. लागणारं सामान ओट्यावर मावलं तर हात भराभर चालतात. ओटा भरला की प्रत्येक वस्तूसाठी माळ्यावर चढावं लागतं. कार्डाची मेमरी भरली की चित्रांची माहिती मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावी लागते, आणि तो रस्ता फार हळू. मग खेळ मध्येच अडखळतो, भिंतींवरची नक्षी धुरकट दिसते, कधी खेळ बंदच पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉगवर्ट्स लेगसी आणि मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन हे खेळ संगणकावर आले, तेव्हा ८ जीबीच्या कार्डांची सर्वांत वरच्या सेटिंगवर ही अवस्था झाली. नंतरच्या दुरुस्त्यांनी बरीच सुधारणा झाली, पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळलं.

मात्र मेमरी मोठी म्हणजे कार्ड चांगलं, हा उलटा गैरसमजही तितकाच महागात पडतो. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मुलासाठी संगणक घेतला. दुकानदाराने "४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, सगळे गेम पळतील" असं सांगितलं. उघडून पाहिलं तर आत जीटी ७३०, म्हणजे २०१४ सालचं, मुळात जास्तीचा पडदा जोडायला आणि सिनेमा पाहायला बनवलेलं कार्ड. त्याची मेमरीही जुन्या डीडीआर३ जातीची. वाढपी मोजके आणि ओटा मात्र लांबलचक, त्याचा उपयोग काय? मुलगा महिनाभर सेटिंग कमी करत बसला. काकूंना वाटलं, मुलाच्या मागण्याच संपत नाहीत. दोघांचंही चुकलं नव्हतं. मला त्या साडेचार-पाच हजारांपेक्षा मायलेकांत आलेल्या अढीचं वाईट वाटलं.

मग किती मेमरी घ्यावी? फुल एचडीवर हलके आणि स्पर्धेचे खेळ, तर ८ जीबी पुरते. नवे, मोठे खेळ वरच्या सेटिंगवर खेळायचे आणि कार्ड चार-पाच वर्षं टिकवायचं, तर १२ किंवा १६ जीबीकडे वळावं. जून २०२५ मध्ये एएमडीने आरएक्स ९०६० एक्सटी आणलं तेव्हा ८ जीबीची किंमत २९९ डॉलर आणि १६ जीबीची ३४९ डॉलर जाहीर केली. चिप तीच, मेमरी दुप्पट, फरक ५० डॉलरचा. एप्रिल २०२५ च्या आरटीएक्स ५०६० टीआयमध्येही ३७९ आणि ४२९ असाच ५० डॉलरचा फरक होता. चिपमध्ये दम आहे आणि मेमरीमुळे ती अडते, असं जिथे होतं तिथे हे जादा पैसे वाया जात नाहीत. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला १२ जीबी घेऊन आलं, तेव्हा त्याची चर्चा झाली ती त्यामुळेच.

आता 'पैसे वसूल' म्हणजे काय, ते आकड्यांत मांडू. जाणकार मंडळी कार्डाच्या किमतीला सेकंदाला मिळणाऱ्या चित्रांनी, म्हणजे फ्रेमनी, भागतात. समजा, एक कार्ड २० हजारांचं आहे आणि तुमच्या खेळात ६० फ्रेम देतं. एका फ्रेमचे ३३३ रुपये. दुसरं ३० हजारांचं, ८० फ्रेम देतं. एका फ्रेमचे ३७५ रुपये. पहिलं स्वस्त वाटतं. पण नुसतं कार्ड घेऊन खेळता येत नाही. बाकीच्या संगणकाला ४० हजार लागणार असतील, तर पहिल्या वेळी एकूण ६० हजारांत ६० फ्रेम, म्हणजे फ्रेमला १,००० रुपये. दुसऱ्या वेळी ७० हजारांत ८० फ्रेम, म्हणजे ८७५ रुपये. हिशोब उलटला. म्हणून संपूर्ण नवा संगणक घेणाऱ्याने भागाकार एकूण खर्चाचा करावा. ज्याच्या घरी संगणक आहे आणि फक्त कार्ड बदलायचं आहे, त्याने कार्डाचाच करावा. दोघांना उत्तरं वेगळी येतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

फ्रेमची सरासरी पाहतानाही सावध राहा. जूनमध्ये पावसाने सरासरी गाठली म्हणून पीक आलं, असं होत नाही. मधले पंधरा दिवस उघडीप पडली की रोप करपतं. खेळाचंही तसंच. सरासरी ८० फ्रेम, पण ऐन लढाईत २० वर घसरतो, तो खेळ हातात राहत नाही. म्हणून चाचण्यांमध्ये सरासरीशेजारी 'वन पर्सेंट लो' नावाचा आकडा दिलेला असतो. सर्वांत हळू एक टक्का क्षणांत काय वेग होता, ते तो सांगतो. सरासरी थोडी कमी पण हा आकडा चांगला, असं कार्ड मी आधी उचलेन.

अलीकडे या फ्रेमच्या आकड्यांतही भेसळ शिरली आहे. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस ही तीन कंपन्यांची तीन तंत्रं. यांतला एक भाग असा की कार्ड चित्र लहान आकारात काढतं आणि मग हुशारीने मोठं करतं. हे उपयोगाचं आहे, जुन्या कार्डाचं आयुष्य त्याने वाढतं. दुसरा भाग 'फ्रेम जनरेशन'. दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये कार्ड आपल्या अंदाजाने जादा चित्रं घुसवतं. हालचाल मऊ दिसते, पण तुमच्या बोटांना खेळ तितक्याच लवकर उत्तर देतो असं नाही. उलट मुळातला वेग ३० असेल, तर पडद्यावर १०० दिसूनही माउस जडच लागतो. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सर्वांत महाग ४०९० ची बरोबरी करेल, असं व्यासपीठावरून सांगितलं, ते या मधल्या चित्रांच्या भरवशावर. म्हणून तुलना करताना ही जादा चित्रं बंद ठेवून काढलेले आकडेच पाहावेत.

आता संगणकाच्या इतर भागांकडे वळू. पंगतीत वाढपी कितीही असोत, आचाऱ्याकडून भातच येत नसेल तर ते उभेच राहणार. प्रोसेसर जुना असेल तर नवं कार्ड असंच रिकामं बसतं. हे घरच्या घरी तपासता येतं. तुमचा आवडता खेळ लावा, फ्रेमचा आकडा पाहा. मग खेळाच्या सेटिंगमध्ये रेझोल्यूशन बरंच कमी करा. आकडा चांगला वाढला तर अडचण कार्डाची आहे, नवं कार्ड घेतल्याचा उपयोग होईल. आकडा तिथेच राहिला तर अडचण प्रोसेसरची, कार्डावर पैसे घालू नका. या पाच मिनिटांच्या चाचणीने काही लोकांचे २५-३० हजार वाचलेले मी पाहिले आहेत. इंटेलच्या आर्क कार्डांबाबत तर हे विशेष लक्षात ठेवा. जुन्या प्रोसेसरसोबत ती बरीच मागे पडतात, आणि मदरबोर्डवर 'रिसायझेबल बार' ही सोय लागते.

कार्ड ज्या खाचेत बसतं तिचीही पिढी असते. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी खाचेच्या १६ पैकी ४ मार्गिकाच वापरतं. नव्या मदरबोर्डवर ते खपून जातं, जुन्यावर स्पष्टपणे मंदावतं. गंमत अशी, की स्वस्त कार्ड शोधणाऱ्याच्या घरी मदरबोर्डही बहुधा जुनाच असतो.

मग एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या डब्यावर ५०० वॅट लिहिलेलं असलं, तरी त्यावर विश्वास ठेवून ३० हजारांचं कार्ड लावू नका. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' प्रमाणपत्राचा, साडेपाचशे वॅटचा डबा मध्यम कार्डाला पुरतो. ज्यांच्याकडे ऑफिसमधून निघालेला जुना संगणक आहे आणि त्यात जादा वायरच नाही, त्यांना ७० वॅटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी चालतं. खाच स्वतः ७५ वॅट देते, त्यात ते भागवतं. घरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर भिस्त असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो, हेही ध्यानात असू द्या. भर खेळात वीज गेली तर तो मान टाकेल. आणि विदर्भ-खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा काचेने बंद केलेलं देखणं कॅबिनेट म्हणजे भट्टी. पुढून जाळी असलेलं, हवा खेळेल असं कॅबिनेट घ्या. विजेच्या बिलाची भीती मात्र फारशी बाळगू नका. १४५ वॅटचं कार्ड रोज तीन तास पूर्ण जोरात चाललं तर महिन्याला १३ युनिट होतात.

सेकंडहॅण्ड कार्ड घ्यावं का? घ्यावं, पण डोळे उघडे ठेवून. २०२०-२१ मध्ये इथेरियम हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोकांनी रात्रंदिवस कार्डं राबवली; बाजारात कार्डं मिळेनात आणि भाव दुप्पट झाले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली आणि राबलेली कार्डं बाजारात आली. अशी सगळीच खराब नसतात, पण पंखे आणि मेमरी झिजलेली असू शकते. विकणाऱ्याकडे बसून निदान अर्धा तास जड खेळ चालवून पाहा. पडद्यावर ठिपके-रेघा येतात का, पंखा खरखरतो का, तापमान किती चढतं, ते बघा. 'जीपीयू-झेड' हे छोटंसं मोफत सॉफ्टवेअर कार्डाची खरी ओळख सांगतं. नाव बदलून विकलेली बरीच एनव्हिडिया कार्डं ते 'फेक' म्हणून दाखवतं. आरएक्स ५८० च्या नावामागे '२०४८ एसपी' असेल तर ते खऱ्या ५८० पेक्षा खालच्या दर्जाचं आहे. आणि वय पाहा. जीटीएक्स १०६०, १०८० टीआय ही एकेकाळची गुणी कार्डं, पण ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. आता त्यांना फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मिळतात. जुने खेळ खेळायचे असतील तर हरकत नाही. नवे खेळायचे असतील तर त्यांवर पैसे घालू नयेत.

आता भाव. अमेरिकेतली जाहीर किंमत कराशिवाय असते. २९९ डॉलरचं कार्ड, डॉलर ८८ रुपये धरला तर सुमारे २६,३०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३१ हजार. त्या दिवशीचा डॉलरचा भाव घालून हा गुणाकार करून दुकानात जा. सांगितलेली किंमत याच्या आसपास असेल तर ठीक. फारच वर असेल तर थांबा, दुसरीकडे विचारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत चार-पाच दुकानांचे भाव कळतात, तेवढा वेळ काढावा. 'बिल नको असेल तर हजार कमी' या गोड बोलण्याला बळी पडू नका. बिलाशिवाय वॉरंटीचं भांडण तुम्ही कुणाशी आणि कशाच्या जोरावर करणार? वॉरंटी किती वर्षांची, कार्ड बिघडलं तर सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात, हे नाशिक-सोलापूरच्या माणसाने आधी विचारावं. त्याचबरोबर, मेमरी चिपचे भाव २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे चढले, तसे ते पुन्हा वरखाली होत राहणार. तेव्हा 'अजून सहा महिने थांबू' हे धोरण नेहमीच फायद्याचं ठरत नाही. गरज आज आहे, भाव रास्त आहे, तर घ्यावं आणि पुढचे दोन महिने भाव पाहू नयेत. मन:शांती मिळते.

थोडक्यात सांगतो. आधी मॉनिटर आणि पाच खेळांची यादी. मग त्या यादीपुरता वर्ग. हलक्या खेळांना प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स किंवा ८ जीबीचं साधं कार्ड. नव्या, मोठ्या खेळांना साठच्या वर्गातलं, १२ ते १६ जीबीचं कार्ड. नव्वदच्या वर्गाकडे पाहूही नये. आणि घरी आल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डालाच लावावी. हसू नका, हजारोंचं कार्ड आत झोपून राहिलेले संगणक मी पाहिले आहेत.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. "गेमसाठी एवढे पैसे?" असं म्हणण्याआधी मुलाला हा हिशोब कागदावर मांडून आणायला सांगा. पडदा, खेळ, मेमरी, फ्रेमचा भागाकार, वॉट, वॉरंटी. जो मुलगा किंवा मुलगी हे सगळं नीट मांडून आणेल, त्याला आपण काय मागतो आहोत ते कळलेलं असेल. आणि बऱ्याचदा असंही होतं, की हिशोब मांडता मांडता मागणी आपोआप दहा हजारांनी खाली येते.